निवृत्तीच्या पैशांतून भाड्यासाठी वाकडला फ्लॅट घ्यावा का?

कृष्णाकाठ :

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक आहे आणि येत्या मेअखेर, वयाची 58 वर्षे पूर्ण होताच, निवृत्त होत आहे. भविष्य निर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी) आणि निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण, म्हणजे त्याचा काही भाग एकरकमी घेणे, असे मिळून साधारण 55 लाख रुपये हाती येतील. मुलगा हिंजवडीतील एका कंपनीत नोकरीला आहे. त्याच्या ओळखीच्या एजंटाने वाकडमध्ये सात वर्षे जुन्या इमारतीतील दोन बेडरूमचा फ्लॅट दाखवला असून मालक 72 लाख रुपये सांगत आहेत. एजंटाचे म्हणणे असे की 25 लाखांचे कर्ज काढावे, 15 वर्षांचा हप्ता साडेचोवीस हजारांच्या आसपास बसेल, भाडेही 24 हजार येईल, म्हणजे भाडेकरूच कर्ज फेडेल आणि शेवटी घर आमचे राहील.

हिशेब ऐकायला सरळ वाटतो, परंतु आयुष्यभराची पुंजी एका ठिकाणी ठेवण्यापूर्वी ज्यांनी प्रत्यक्ष घरे भाड्याने दिली आहेत त्यांचे ऐकावे, असे वाटले. माझे तीन प्रश्न आहेत. भाड्यातून खरोखर हाती काय उरते? घर पत्नीच्या नावाने घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते असे कळले, तर तसे करावे का? आणि तिसरा प्रश्न मला सर्वांत जास्त सतावतो. मुलाला कंपनी दोन-तीन वर्षांसाठी जर्मनीला पाठवण्याची शक्यता आहे. तो गेल्यावर साताऱ्यात बसून आम्हा दोघांना पुण्यातील भाडेकरू सांभाळता येईल का? सौ.चे मत घर घेऊ नये असे आहे, मुलाचे घ्यावे असे आहे, आणि माझे अजून ठरत नाही.

जमाखर्च :

सर, नमस्कार. मी 19 वर्षे कर सल्लागार म्हणून काम करतो आणि स्वतःचे दोन फ्लॅट भाड्याने दिलेले आहेत. त्यामुळे आधी तुमच्याच आकड्यांवर हिशेब मांडतो.

एजंटाने 24 हजार गुणिले 12 म्हणजे 2 लाख 88 हजार केले, त्याला 72 लाखांनी भागले आणि तुम्हाला 4 टक्के परतावा दाखवला असणार. यात पहिली चूक अशी की घर 72 लाखांत पडत नाही. पिंपरी-चिंचवड हद्दीत मेट्रो अधिभार धरून मुद्रांक शुल्क 7 टक्के आहे, म्हणजे 5 लाख 4 हजार. नोंदणी शुल्क 30 हजार. एजंटाची दलाली एक टक्का धरली तर 72 हजार. सात वर्षे जुन्या घरात रंग, स्वयंपाकघरातील दुरुस्ती, कपाटे, पंखे आणि गिझर यांना अडीच लाख तरी लागतात, कारण हिंजवडीच्या परिसरात रिकाम्या भिंतींच्या घराला भाडे कमी येते. बेरीज 80 लाख 56 हजारांवर जाते. तुमचे 55 आणि बँकेचे 25 मिळून 80 होतात. म्हणजे पहिल्याच दिवशी हाताशी काही उरत नाही, आणि निवृत्तीच्या वर्षी ही अवस्था मला फार धोक्याची वाटते.

दुसरी चूक उत्पन्नात आहे. एक भाडेकरू गेला आणि दुसरा आला की मधे तीन-चार आठवडे घर रिकामे राहतेच, म्हणून मी वर्षाला 11 महिन्यांचेच भाडे धरतो. ते झाले 2 लाख 64 हजार. सोसायटीचा मेंटेनन्स सहसा मालकच भरतो. तो दरमहा साडेतीन हजार धरला तर वर्षाचे 42 हजार. घर भाड्याने दिले की सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते. 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक घेता येत नाहीत, म्हणून वर्षाला 3 हजार धरू. मालमत्ता कर 14 हजार. नवा भाडेकरू आणून देण्याची दलाली आणि करारनोंदणी यांची वार्षिक सरासरी 12 हजार. नळ, मोटर, गळती, रंग यांसाठी 18 हजार बाजूला काढावेत. एखाद्या वर्षी त्यातला रुपयाही लागत नाही आणि पुढच्या वर्षी बाथरूमची गळती खालच्या घराच्या छतातून उतरली की एकदम 60 हजार लागतात. हा सगळा खर्च 89 हजार होतो आणि हातात 1 लाख 75 हजार राहतात. ही रक्कम 80 लाख 56 हजारांवर जेमतेम 2.17 टक्के आहे.

आता कर्जाकडे या. 25 लाखांवर साडेआठ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे नुसते व्याजच 2 लाख 10 हजारांच्या आसपास होते. घराची निव्वळ कमाई त्याहून कमी आहे, तेव्हा मुद्दल तर दूरच, व्याजही भाड्यातून भागत नाही. हप्ता 24,600 आणि निव्वळ भाडे महिन्याला 14,580, म्हणजे दहा हजार रुपये दरमहा निवृत्तिवेतनातून जाणार. तुमच्या वयाची 73 वर्षे होईपर्यंत हे चालेल. भाडेकरू कर्ज फेडतो हे वाक्य ज्यांच्या तोंडून ऐकाल, त्यांना मेंटेनन्सची पावती दाखवायला सांगा.

प्राप्तिकराचे गणित त्यामानाने मवाळ आहे. भाड्यातून तुम्ही प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर वजा होतो, उरलेल्यातून 30 टक्के सरसकट वजावट मिळते आणि मग कर्जाचे व्याज वजा होते. मेंटेनन्स आणि दुरुस्ती वेगळी दाखवता येत नाही, ती त्या 30 टक्क्यांतच आली. मात्र नव्या करप्रणालीत व्याजामुळे आलेला तोटा निवृत्तिवेतनातून वळता करता येत नाही. जुन्या प्रणालीत तो 2 लाखांपर्यंत करता येतो. कर वाचेल या आशेने कर्ज काढू नका, एवढाच याचा अर्थ.

पत्नीच्या नावाविषयी. सवलत खरी आहे, परंतु ती घर केवळ महिलेच्या किंवा महिलांच्या नावे असेल तरच मिळते, दोघांच्या संयुक्त नावाने घेतल्यास नाही. तुमच्या व्यवहारात 72 हजार वाचतील. मात्र पैसा तुमचा असेल तर भाड्याचे उत्पन्न कायद्याने तुमच्याच उत्पन्नात धरले जाते, त्यामुळे नाव बदलल्याने प्राप्तिकर वाचत नाही. तरीही पत्नीच्या नावे घर असण्याला मी वेगळ्या कारणासाठी अनुकूल आहे. आपल्याकडे आयुष्यभर घर सांभाळणाऱ्या बाईच्या नावावर एक भिंतही नसते, आणि सौ.चे मत तुम्ही इथे आवर्जून लिहिलेत म्हणून हे सांगावेसे वाटले.

तुलनेसाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना पाहा. निवृत्त झालेल्या व्यक्तीला वयाच्या 55 नंतरच तीत निवृत्तीची रक्कम गुंतवता येते, अट अशी की लाभ हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खाते उघडायला हवे. मर्यादा 30 लाख आहे. एप्रिल 2023 मध्ये तिचा दर 8.2 टक्के झाला. त्या दराने 30 लाखांवर वर्षाला 2 लाख 46 हजार मिळतात, तेही दर तीन महिन्यांनी आणि नळ दुरुस्त न करता. ते पूर्ण करपात्र आहेत आणि पाच वर्षे वाढत नाहीत, तर भाडे आणि घराची किंमत दोन्ही वाढू शकतात, ही घराची बाजू मी नाकारत नाही. परंतु घर विकायचे झाले तर तीन ते सहा महिने लागतात आणि दवाखान्याचे बिल भरायला एक खोली विकता येत नाही.

सोनचाफा :

मी कोथरूडला राहते आणि 2009 पासून आमचा जवळचाच दुसरा फ्लॅट भाड्याने देते. हिशेबाचे वर आले आहेच, मी करारापुरते लिहिते, कारण त्यात मी स्वतः पोळले आहे.

2012 मध्ये एजंटाने सांगितले की 11 महिन्यांच्या कराराची नोंदणी लागत नाही, स्टॅम्प पेपरवर नोटरी पुरे. मी ऐकले. भाडेकरूने सातव्या महिन्यापासून भाडे थकवले आणि मुदत संपल्यावर जाण्यास नकार दिला. आमचे तोंडी ठरले होते त्याहून वेगळ्या अटी तो सांगू लागला. तेव्हा वकिलांकडे गेल्यावर समजले की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 याच्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा, प्रत्येक करार, मग तो 11 महिन्यांचा असो वा 3 वर्षांचा, लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणजे तक्रार घेऊन मी गेले आणि कायद्याने दोषी मीच निघाले. ते घर रिकामे व्हायला चौदा महिने लागले. त्या चौदा महिन्यांत सासूबाईंच्या शस्त्रक्रियेसाठी जमवलेले पैसे आम्ही घराच्या हप्त्यांत घातले, हे मी अजून विसरलेले नाही.

नोंदणीकृत करार असेल तर चित्र पूर्ण वेगळे असते. मुदत संपल्यावर भाडेकरू हलला नाही तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. खर्चही फार नाही. 24 हजार भाडे, 1 लाख डिपॉझिट आणि 24 महिन्यांची मुदत धरली तर एकूण भाडे 5 लाख 76 हजार, त्यात परत द्यायच्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी दोन वर्षांचे 20 हजार मिळवायचे आणि बेरजेच्या 0.25 टक्के मुद्रांक शुल्क भरायचे, ते 1,500 रुपयांच्या आत बसते. शहरी भागात नोंदणी शुल्क 1 हजार. आता हे काम घरी बसून होते, आधार क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा घ्यायला माणूस दारात येतो. यानंतर भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणेही विसरू नका आणि त्याची पोच जपून ठेवा.

पुणे महापालिकेच्या हद्दीत घर घेतलेत तर आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. स्वतः राहणाऱ्याला मालमत्ता करात 40 टक्के सवलत असते, ती भाड्याने दिलेल्या घराला मिळत नाही. विकणाऱ्याची जुनी पावती पाहून कराचा अंदाज बांधलात तर पुढे बिल मोठे येईल.

गुरुजी, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर मात्र नकाराकडे झुकते. माझे भाड्याचे घर मी राहते तिथून चालत दहा मिनिटांवर आहे, म्हणूनच मला ते जमते. पाणी आले नाही, लिफ्ट बंद पडली, शेजाऱ्याशी वाद झाला, या गोष्टी फोनवर निस्तरत नाहीत.

पुनावळेकर :

आम्ही गेली नऊ वर्षे याच पट्ट्यात, आधी वाकड आणि आता पुनावळे, भाड्याने राहतो. भाडेकरूच्या बाजूने थोडे लिहितो.

या भागात घर पाहायला येणारा पहिला प्रश्न पाण्याचा विचारतो. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर 2019 पासून महापालिकेचे पाणी एक दिवसाआड येते, आणि अनेक सोसायट्या वर्षभर टँकर घेतात. तो खर्च मेंटेनन्समध्ये येतो, उन्हाळ्यात वाढतो आणि शेवटी मालकावर किंवा भाडेकरूवर पडतो. जमाखर्च यांनी धरलेले साडेतीन हजार टँकरच्या सोसायटीत पुरतीलच असे नाही. सरांनी सोसायटीच्या कार्यालयातून मागील मार्च ते जून या चार महिन्यांची टँकरची बिले पाहावीत.

दुसरे म्हणजे इथले भाडेकरू जवळपास सगळे एकाच, आयटी उद्योगातले आहेत. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि कंपन्यांनी घरून काम दिले, तेव्हा आमच्या इमारतीतील मुले सामान बांधून लातूरला, नांदेडला, इंदूरला निघून गेली. संध्याकाळी बाल्कनीतून समोरचा टॉवर पाहिला की दिवे मोजता येत असत. हप्त्यावर घरे घेतलेल्या मालकांनी त्या काळात भाडे तीस टक्क्यांपर्यंत उतरवल्याचे मी पाहिले आहे. तसे पुन्हा होईल असे नाही, परंतु ज्याच्या निवृत्तिवेतनातून हप्ता जाणार आहे त्याने ही शक्यता हिशेबात धरावी.

आणि एक विनंती आहे. घर घेतलेच तर भाडेकरूला माणूस म्हणून वागवा. मला आडनाव विचारून आणि काय खाता हे विचारून तीन घरे नाकारली गेली आहेत. आमच्या आताच्या मालकीणबाई तसले काही विचारत नाहीत, गळकी टाकी दोन दिवसांत बदलून देतात आणि भाडे दरवर्षी पाच टक्केच वाढवतात. म्हणून आम्ही सहा वर्षे तिथेच आहोत. त्या सहा वर्षांत त्यांचे घर एक दिवसही रिकामे राहिलेले नाही आणि दलालीचा एक रुपयाही गेलेला नाही.

ऱ्हाइनकाठ :

मी जर्मनीत कलोनला राहतो आणि माझा बाणेरला फ्लॅट आहे, म्हणून मुलाच्या संदर्भात दोन गोष्टी लिहितो.

घर मुलाच्या नावे घेण्याचा विचार पुढे आलाच तर हे माहीत असावे की मालक अनिवासी (परदेशी राहणारा) झाला की भाड्याच्या टीडीएसचे, म्हणजे भाडे देतानाच कर कापण्याचे, नियम बदलतात. निवासी मालकाच्या बाबतीत भाडे महिन्याला 50 हजारांपेक्षा जास्त असेल तरच सर्वसाधारण भाडेकरूला 2 टक्के कापावे लागतात. अनिवासी मालकाला भाडे देताना मात्र रक्कम कितीही लहान असली तरी उपकरासह 31.2 टक्के कापून सरकारकडे भरावे लागतात. 24 हजारांचे घर शोधणाऱ्या तरुणाला हे सांगितले की तो दुसरे घर बघतो, आणि न सांगितले तर उद्या नोटीस त्याला येते. कापलेला जादा कर विवरणपत्र भरून परत मिळतो, पण वर्षभर पैसे अडकतात. भाडे एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासींच्या भारतातील उत्पन्नासाठीच्या बँक खात्यात, घ्यावे लागते, आणि करारावर सही करण्यासाठी वडिलांच्या किंवा भावाच्या नावे दूतावासातून साक्षांकित कुलमुखत्यारपत्र करून ठेवावे लागते.

इथली एक पद्धत मात्र मी बाणेरच्या घरासाठी उचलली आहे. जर्मनीत घराचा ताबा देताना मालक आणि भाडेकरू दोघे मिळून खोलीखोलीतून फिरतात, भिंतीवरच्या डागापासून वीजमीटरच्या आकड्यापर्यंत सगळे कागदावर लिहितात आणि दोघे सही करतात. घर सोडताना तोच कागद काढतात. डिपॉझिटमधून रंगाचे किती कापायचे यावर होणारी भांडणे माझ्यापुरती या एका कागदाने थांबली.

कृष्णाकाठ :

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि मुद्देसूद लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. जमाखर्च यांचा हिशेब मी वहीत उतरवून सौ.ला वाचून दाखवला. तिने एकच विचारले, की या घराकडे लक्ष द्यायला महिन्यातून किती वेळा स्वारगेटची गाडी धरावी लागेल. सोनचाफाताईंच्या अनुभवानंतर त्याचे उत्तर देणे मला अवघड गेले.

कर्ज काढायचे नाही, हे आता नक्की झाले आहे. 30 लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवावेत आणि उरलेल्यातून साताऱ्यातच, आमच्या घरापासून जवळ, एक बेडरूमचा लहान फ्लॅट जमतो का ते पाहावे, असा विचार आहे. बदलीवर येणारे बँकेतले आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले लोक इथे घर शोधत असतात. भाडे वाकडच्या मानाने कमी येईल, हे मला मान्य आहे.

जमाखर्च :

सर, हे तुमच्या परिस्थितीला शोभणारे आहे. फक्त उरलेले सगळे 25 लाख त्या फ्लॅटमध्ये घालू नका. निदान 5 लाख सहज मोडता येतील अशा ठेवीत असू द्या. त्यात बसत नसेल तर फ्लॅट आणखी वर्षभर थांबू शकतो. साताऱ्यातही हिशेब याच रीतीने मांडा. एक महिना घर रिकामे धरा आणि मुद्रांक शुल्क, रंगरंगोटी किमतीत मिळवूनच टक्केवारी काढा. विसार देण्यापूर्वी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला, आणि सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला मागा. लहान शहरांत इमारत उभी असते, लोक राहतही असतात, आणि प्रमाणपत्र मात्र झालेले नसते. तसा फ्लॅट स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, कारण पुढे विकताना खरेदीदाराची बँक कर्ज देत नाही.

कृष्णाकाठ :

लक्षात ठेवतो. रविवारी एक इमारत पाहायला जाणार आहे. पुनावळेकर यांनी सांगितल्याप्रमाणे आधी पाण्याचे विचारतो, आणि या वेळी सौ.ला बरोबर नेतो.